गाऱ्हाणे आणि कौल

निवृत्त झाल्यावर माणसाला काही कामे न मागता मिळतात. मला मिळालेले काम इंग्रजी कागद वाचून दाखवण्याचे. मी मूळचा पेडण्याचा. मराठी शाळेत आयुष्य काढले आणि मुलाच्या नोकरीमुळे वास्कोत येऊन राहिलो. सडा, बायणा, मांगोर हिल या भागांत पेडणे, डिचोली, सावंतवाडी, कारवार इकडून बंदरामागे पोटासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरात कोकणी, देवापुढे मराठी, आणि कचेरीतून येणारा प्रत्येक कागद इंग्रजी. असा कागद घरात आला की तो आधी देव्हाऱ्याशेजारी ठेवला जातो आणि संध्याकाळी 'मास्तरां'कडे येतो. बँकेची नोटीस, विम्याचे पत्र, कोर्टाचे समन्स यांत अलीकडे आणखी एका कागदाची भर पडली आहे. तपासणी केंद्रातून मिळणारे मोठे पाकीट. त्यात काळ्या फिल्मी असतात आणि त्यांच्याबरोबर एक-दोन पानांचा अहवाल.

या पाकिटांनी मला एका प्रश्नापाशी आणून सोडले. दुखते कोणाला, हे कोणी ठरवायचे? ज्याचे अंग त्याने, की ज्या यंत्राने ते अंग पाहिले त्याने? प्रश्न ऐकायला पंडिती वाटतो. पण आमच्या गल्लीत त्याच्यापायी एका माणसाची भाकरी आणि अब्रू दोन्ही टांगणीला लागली, आणि ती टांगणीला लावण्यात माझाही हात होता. म्हणून हे लिहितो आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्याच गल्लीतला एक पायलट एका संध्याकाळी पाकीट घेऊन आला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडे मोटरसायकलवरून भाडे नेणाऱ्याला पायलट म्हणतात. आठवड्यापूर्वी पावसात गाडी घसरून तो पडला होता. हेल्मेट होते, तरी डोके आपटले, क्षणभर शुद्ध गेली. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. बरोबर बायको आणि थोरला भाऊ होते.

"मास्तर, हांतूंत कितें बरयलां तें वाचून सांगात," तो म्हणाला.

मी चष्मा लावला. कवटीला मोड नाही, आत रक्तस्राव नाही, मेंदूच्या रचनेत दखल घेण्याजोगा दोष नाही, असे एकामागून एक नकार होते. मी ते वाचले आणि मोठ्या समाधानाने म्हणालो, "सगळे नॉर्मल आहे. तुला काही झालेले नाही."

मला वाटले, मी आनंदाची बातमी दिली. बायकोने हात जोडले. भाऊ म्हणाला, "म्हणजे उद्यापासून गाडी काढायला हरकत नाही." पायलट मात्र गप्प होता. जाताना दारात थांबून एवढेच म्हणाला, "पूण मास्तर, म्हजी तकली घुंवता." मी त्याच्या पाठीवर थोपटले. "विश्रांती घे, मनातले काढून टाक."

तो पुन्हा स्टँडवर उभा राहिला. पण पूर्वीचा राहिला नाही. उन्हात डोळे मिटायचा, हिशोबात चुकायचा, दुपारी भाडे सोडून घरी येऊन अंधारात पडायचा. घरात कुरबुर सुरू झाली. भाऊ चारचौघांत म्हणू लागला, "मास्तरांनी रिपोर्ट वाचलाय. ह्याला काही झालेलं नाही, अंगचोरपणा आहे." एके दिवशी सड्यावर चढताना वळणावर त्याला भोवळ आली. त्याने कशीबशी गाडी बाजूला घेतली, मागच्या बाईला हात जोडून उतरवले आणि तो कठड्यावर बसून राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. माझ्या एका वाक्याचा घरात साक्षीपुरावा झाला होता, आणि तो त्याच्याच विरुद्ध वापरला जात होता.

हे मला तेव्हा कळले असते तर बरे झाले असते. कळले ते माझी पाळी आल्यावर.

गेल्या वर्षी श्रावणात, दामोदर सप्ताहाच्या दिवसांत, बाजारामागच्या गल्लीत एका कोवळ्या पोराच्या स्कूटरचा मला धक्का लागला आणि मी गटाराच्या काठावर पाठीवर आपटलो. हाड मोडले नाही, पण दोन आठवडे कूस बदलता येईना. मुलाने हौसेने एमआरआय करून घेतला. अहवाल आला तो दोन पानांचा. मणक्यांमधल्या चकत्या सुकलेल्या, दोन ठिकाणी फुगवटा, एका ठिकाणी नसेच्या मुळाला स्पर्श, सांध्यांची झीज, कडांना वाढलेली हाडे. पायलटच्या पानावर नकारांची रांग होती, माझ्या पानावर होकारांची.

तो कागद वाचेपर्यंत माझे दुखणे निम्म्याने कमी झाले होते. वाचल्यावर ते परत आले. मी वाकणे सोडले, जिना सोडला, नातवाला उचलणे सोडले. सव्वाशे वर्षांची परंपरा असलेल्या सप्ताहातले भजन घरात बसून कानांनी ऐकले. मला धक्का देणाऱ्या स्कूटरपेक्षा त्या दोन पानांनी मला अधिक जायबंदी केले, असे आज म्हणावेसे वाटते.

चित्राचा हा धाक आजचा नाही. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या वुर्झबुर्ग येथे रोंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवर अंगठी. ते पाहून आपण आपला मृत्यूच पाहिला असे ती म्हणाली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या काळ्या फिल्मीपुढे आपल्या सर्वांच्या मनात तेच येते. ज्या गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, तिथल्या वैद्यांजवळ रोंटगेनपूर्वीची पन्नासहून अधिक वर्षे डोळे, हात, कान आणि प्रश्न एवढीच साधने होती. रोग्याने सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. क्ष-किरणांनी हाड दाखवले. १९७१ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाचा मेंदू थराथराने दाखवला. त्यानंतर आलेला एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या अणूंकडून चुंबकाच्या जोरावर माहिती काढून घेतो आणि चकत्या, स्नायुबंध, नसा दाखवतो. ही यंत्रे थोर आहेत. कवटीत साचणारे रक्त वेळेवर दिसल्यामुळे आज कितीतरी माणसे आपल्यात वावरत आहेत. तक्रार यंत्राविषयी नाही. यंत्राने जे दाखवले त्यावरून आपण काय अनुमान करतो, तिथे घोटाळा आहे.

आपल्या नैयायिकांनी अनुमानाचा विचार शेकडो वर्षे केला. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती आपल्याला ठाऊक असते. माझ्या घरच्यांनी असेच अनुमान केले. जिथे चकतीचा फुगवटा, तिथे दुखणे. अहवालात फुगवटा आहे, म्हणून म्हातारा कायमचा अधू. पण ही व्याप्ती खरी आहे का? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची पाठ दुखत नव्हती अशा ९८ जणांचे त्यांनी एमआरआय काढले. त्यांतल्या अवघ्या ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या. ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी फुगवटा होता. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा, म्हणजे पाठदुखी नसलेल्या ३,११० माणसांचा, एकत्र हिशोब मांडला गेला. चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. गुडघ्याचेही तेच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा त्रासच झालेला नव्हता.

म्हणजे धूर आहे, पण अग्नी कधी आहे, कधी नाही. अशा हेतूला न्यायशास्त्रात 'सव्यभिचार' म्हणतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. डोक्याचे केस पिकतात तशा पाठीतल्या चकत्याही पिकतात. फरक एवढाच की केसांचा अहवाल इंग्रजीत येत नाही.

आता पायलटकडे वळू. त्याच्या बाबतीत मी उलटी चूक केली होती. काही दिसले नाही, म्हणून काही नाही, असे मी म्हणालो. न दिसणे हेही ज्ञानाचे साधन आहे, असे भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती मानतात. त्याला ते 'अनुपलब्धी' हे सहावे प्रमाण म्हणतात. पण त्यांनी एक अट घातली आहे. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर 'दिसला नाही' एवढेच म्हणता येते.

डोके आपटल्यावर मेंदूला जो हादरा बसतो, तो सीटी स्कॅनला बहुधा दिसत नाही. त्या यंत्राला मोडलेले हाड आणि साचलेले रक्त दिसते. हादऱ्यात बिघडते ते मेंदूचे काम, त्याची ठेवण तशीच असते. डोके दुखणे, भोवळ, उजेड न सोसणे, विसरभोळेपणा, चिडचिड हा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा महिनोन्महिने रेंगाळतो, आणि या साऱ्या काळात चित्र स्वच्छच असते. पायलटचा अहवाल अगदी बरोबर होता. रक्तस्राव नाही ही बातमी लाखमोलाची होती. जे पाहण्यासाठी यंत्र लावले ते तिथे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. मी तेवढे सांगून थांबायला हवे होते. त्याऐवजी अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा राहून, आत घडा नाही अशी ग्वाही दिली.

इथपर्यंत ही गोष्ट ज्ञानाची आहे, चुकीची असली तरी पापाची नाही. पुढे मात्र तसे राहिले नाही. माझा अहवाल आल्यावर एक जवळचे नातेवाईक मडगावहून भेटायला आले. व्यवहारात मुरलेले गृहस्थ. पाने चाळून म्हणाले, "भाऊ, हा कागद म्हणजे सोने आहे. अपघात-दाव्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज टाका. पोराचा काय दोष निघायचा तो निघो, पैसे विमा कंपनी देणार. झीज जुनी की नवी, चित्रावर तारीख थोडीच लिहिलेली असते?"

त्यांचे शेवटचे वाक्य मी कित्येक रात्री घोळवले, कारण ते खरे होते. जुन्या झिजेला धक्क्याने जाग येऊ शकते, हेही खरेच. पण वीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून, पाण्याच्या कळशा वाहून, पेडण्याच्या कुळागरात वाकून जे झिजले, ते एका पोराच्या स्कूटरच्या नावावर चढवायचे? चित्र माझ्या बाजूने खोटी साक्ष द्यायला तयार होते. मी फक्त गप्प राहायचे होते. आणि ज्या माणसाची वेदना खरी होती, त्याच्या बाजूने त्याच्या चित्राने तोंड उघडले नव्हते.

ही तुलना मनात आली त्या रात्री मला झोप लागली नाही. विमा कंपनीचे पैसे कोणाचेच नसतात असे आपण समजतो, पण अशा प्रत्येक फुगवलेल्या दाव्याची किंमत कोणीतरी मोजतो. ती मोजतो पुढचा पायलट. चित्राशिवाय जो 'दुखते' म्हणतो त्याच्याकडे जग संशयाने पाहते, कारण चित्र दाखवून 'दुखते' म्हणणारे माझ्यासारखे लोक त्याच्या आधी येऊन गेलेले असतात. खऱ्या वेदनेवरचा विश्वास ही गावच्या विहिरीसारखी सर्वांची ठेव आहे. माझ्या एका खोट्या बादलीने ती आटणार नाही खरी, पण प्रत्येक जण असेच म्हणतो.

मी ज्यांच्याकडे उपचार घेत होतो त्या डॉक्टरांना सरळ विचारले, यातले पडण्याचे किती आणि माझे किती? ते हसले. त्यांनी पाठ दाबून पाहिली, पाय उचलायला लावला, बोटांची ताकद पाहिली, बधिरता आहे का, लघवीवरचा ताबा ठीक आहे का हे विचारले. "असले काही असते तर मी तुम्हाला आज घरी सोडले नसते," ते म्हणाले. "मुका मार पडण्याचा. चकत्या तुमच्या. हिंडाफिरायला लागा." औषधपाण्याचा खर्च त्या पोराच्या वडिलांनी आणून दिला, तो मी घेतला, कारण तो न्यायाचा होता. त्यापलीकडे काही मागितले नाही.

न्यायालयांनाही हा तिढा अपरिचित नाही. २०१० साली 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे. उदाहरण फार बोलके दिले आहे. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण गाडी चालवणाऱ्याची किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाऊ शकते. म्हणजे इजा किती, हे अंगाच्या मापावरून कळत नाही. तो माणूस काय करून जगत होता, आता काय करू शकतो, हे विचारावे लागते. हेच वाक्य मी पायलटला लावून पाहिले. घरी बसणाऱ्याला दिवसातून दोनदा येणारी भोवळ म्हणजे त्रास. मागे माणूस बसवून सड्याचा चढ चढणाऱ्याला तीच भोवळ म्हणजे धंद्याचा शेवट, आणि कदाचित दोन जिवांचाही.

आपल्या पेडणे-डिचोलीच्या, पलीकडच्या सावंतवाडीच्या देवळांत प्रसाद लावण्याची रीत आहे. मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चित्र आणि कौल यांची बरोबरी मला करायची नाही. एक श्रद्धेचा विषय आहे, दुसरा शास्त्राचा. पण त्या रीतीत एक शहाणपण आहे. पाकळी पडण्याआधी गाऱ्हाणे घालावे लागते. कोण आला आहे, कुठल्या घरचा, काय घडले, नेमके काय विचारायचे आहे, हे सारे मोठ्याने सांगावे लागते. गाऱ्हाणे नीट नसेल तर कौल कितीही स्पष्ट मिळो, तो कशाचा कौल हे कोणालाच सांगता येत नाही. तपासणी केंद्रात गाऱ्हाण्याची जागा चिठ्ठीवरच्या एका ओळीने घेतली आहे. 'पाठ दुखते', 'अपघात', संपले. यंत्र त्या ओळीला उत्तर देते, आणि आपण ते उत्तर सगळ्या आयुष्याला लावतो.

हे यंत्रावर अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक असते. अनेक अहवालांच्या तळाशी एक ओळ असते. रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी हे ताडून पाहावे, अशा अर्थाची. चित्राने स्वतःच दिलेली ती कबुली आहे, की मी एकटे पुरेसे नाही. माझ्या अहवालावर ती होती. मग मी पायलटच्या घरी जाऊन त्याचे पाकीट मागून घेतले. त्याच्याही अहवालावर ती होती. त्या संध्याकाळी मी प्रत्येक ओळ वाचून सांगितली होती, तेवढी एकच गाळली होती. रिवाजाची ओळ समजून.

त्याच्या बायकोसमोर आणि भावासमोर मी ती वाचून दाखवली, आणि माझे चुकले असे सांगितले. एव्हाना त्याचा त्रास पुष्कळ ओसरला होता, सकाळची भाडी तो घेऊ लागला होता. भाऊ खाली पाहत होता. पायलटने चहा पुढे केला आणि रागावल्याशिवाय म्हणाला, "मास्तर, तुमी वाचलें तें सारकें. पूण म्हाका विचारलें ना."

पाकिटे अजून येतात. कोणी चिखलीच्या इस्पितळातून येतो, कोणी बांबोळीहून, कधी सावंतवाडीचा कोणी पाहुणा आपल्या भाच्याबरोबर येतो. मी पाकीट घेतो, ते उघडत नाही, टेबलावर पालथे ठेवतो. आधी विचारतो, कसे पडलात, कुठे दुखते, कधी दुखते, कामाला जाता येते का, रात्री झोप लागते का, घरचे काय म्हणतात. काही जण अधीर होतात, "मास्तर, आधी वाचा तरी," म्हणतात. मी म्हणतो, वाचू. जे सांगतात ते मी एका कागदावर मराठीत लिहून काढतो, मग अहवाल वाचतो, तळाच्या ओळीसकट, आणि माझा कागद अहवालाला टाचणी लावून परत देतो. उद्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन्ही दाखवा, असे सांगतो. कौल काय आहे ते सांगण्याचा अधिकार त्यांचा. पण गाऱ्हाणे मात्र तुमचेच आहे, ते तुम्हीच घालायला हवे.